दहा किलोच्या माशाला तीस किलोची दोरी कशाला?

लार्जमाउथ बास हा अमेरिकेत गळ टाकणाऱ्यांचा लाडका मासा. १९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांच्या गळाला लागलेला विक्रमी बास सुमारे दहा किलोंचा होता. मग फ्लोरिडातल्या तळ्यांवर ६५ पौंडांची, म्हणजे जवळजवळ तीस किलोंचा ताण सोसणारी विणलेली दोरी कशासाठी वापरतात?

उत्तर माशात नाही, पाणवनस्पतींत आहे. बेडकासारखं आमिष कमळपानांवरून ओढत आणलं, की बास झडप घालतो आणि लगेच झाडोऱ्यात घुसतो. मग माशासोबत त्याला गुंडाळलेल्या वेलीही ओढाव्या लागतात. म्हणून तिथे ५० ते ६५ पौंड. मोकळ्या पाण्यात हलकं आमिष लांब फेकायला १० ते २० पौंड पुरतात.

ही दोरी म्हणजे पॉलिएथिलीनच्या अतिशय लांब रेणूंपासून बनलेल्या तंतूंची वेणी. ३० पौंडांची वेणी साधारण ८ पौंडांच्या नायलॉनच्या तंगुसाइतकीच जाड असते. ती फारशी ताणली जात नाही, त्यामुळे हाताचा हिसका थेट गळापर्यंत पोहोचतो. मात्र धारदार खडकावर घासली, तर ती लवकर तुटते.

म्हणून दोरी निवडताना आधी पाण्याखाली काय आहे ते पाहा. माशाचं वजन त्यानंतर.