रॅमजेट एंजिन
संपीडक व टरबाइन यांसारखे फिरते भाग नसलेले आणि स्वतःच्या गतीमुळे आत शिरणाऱ्या हवेचे संपीडन करणारे झोत एंजिन. विसारक, ज्वलनकोठी व प्रोथ हे त्याचे तीन प्रमुख भाग एका पोकळ नळात एकामागे एक असतात.

कार्य : एंजिन वेगाने पुढे जात असताना समोरची हवा त्याच्या मुखातून विसारकात शिरते. तेथे हवेचा वेग कमी होतो व तिच्या गतिज ऊर्जेचे दाबात रूपांतर होते. ध्वनीच्या निम्म्या वेगाला (माख अंक ०·५) हा दाब आदर्श परिस्थितीतही सु. १·२ पटच होतो. माख अंक २ ला तो सु. ७·८ पट, तर ३ ला सु. ३७ पट होतो. आघात तरंग व घर्षण यांमुळे प्रत्यक्षातील दाब यापेक्षा कमी भरतो.

दाबयुक्त हवेत केरोसिनासारख्या इंधनाचा फवारा सोडून तो पेटवितात. वेगवान प्रवाहात ज्योत विझू नये म्हणून ज्योतधारक बसवितात. त्यामागे भोवरे निर्माण होऊन ज्वलन टिकून राहते. समोरून येणाऱ्या हवेच्या दाबामुळे तप्त वायूंना पुढे जाता येत नाही. ते प्रोथात प्रसरण पावून, आत आलेल्या हवेपेक्षा अधिक वेगाने मागे बाहेर पडतात. संवेगातील या वाढीच्या प्रतिक्रियेने एंजिनाला पुढे रेटा मिळतो.

गुण व मर्यादा : रचना साधी व वजन कमी असते. ऑक्सिजन वातावरणातून मिळत असल्याने रॉकेटाप्रमाणे ऑक्सिडीकारक वाहून न्यावा लागत नाही आणि त्याच वजनाच्या इंधनात अधिक पल्ला गाठता येतो. मात्र ज्या वेगावर सर्व कार्य अवलंबून असते तो वेग एंजिनाला स्वतः सुरुवातीस निर्माण करता येत नाही. म्हणून साहाय्यक रॉकेट किंवा दुसरे विमान यांच्या मदतीने त्यास गती द्यावी लागते. दुसरी मर्यादा उष्णतेची आहे. उंचावरील हवा (सु. -५६° से.) माख अंक ३ ला थोपविली असता तिचे तापमान सु. ३३०° से., तर ५ ला सु. १,०००° से. होते. त्यानंतर ज्वलनाने तापमानात आणखी भर घालणे उत्तरोत्तर कमी लाभदायक ठरते.

इतिहास व उपयोग : फ्रान्समधील रने लोरँ यांनी १९१३ मध्ये या एंजिनाची कल्पना प्रसिद्ध केली; परंतु त्यास आवश्यक वेग तेव्हाच्या विमानांना शक्य नव्हता. रने लद्यूक यांच्या रॅमजेट विमानाने १९४९ मध्ये, दुसऱ्या विमानावरून सोडले गेल्यावर, स्वशक्तीने उड्डाण केले. स्वतः उड्डाण घेता येत नसल्यामुळे प्रवासी विमानांत हे एंजिन रुजले नाही. क्षेपणास्त्रांत मात्र ते सोयीचे ठरले. अमेरिकेची बोमार्क व टॅलॉस आणि ब्रिटनचे ब्लडहाउंड ही त्याची उदाहरणे होत. भारताच्या आकाश क्षेपणास्त्रात रॅमजेट तत्त्व वापरलेले आहे. भारत व रशिया यांच्या ब्राह्मोस क्षेपणास्त्राची पहिली चाचणी २००१ मध्ये झाली. त्यास प्रथम घन इंधनाचे रॉकेट गती देते व नंतर द्रव इंधनाचे रॅमजेट ते सु. २·८ माख अंकाने नेते.

यापुढील टप्पा स्क्रॅमजेटचा होय. त्यात ज्वलनकोठीतही हवेचा प्रवाह स्वनातीतच ठेवल्याने तिचे तापमान तुलनेने कमी राहते. अमेरिकेच्या एक्स-४३ए या मानवरहित विमानाने २००४ मध्ये सु. ९·६ माख अंक गाठला. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २८ ऑगस्ट २०१६ रोजी श्रीहरिकोटा येथून स्क्रॅमजेटची उड्डाण चाचणी घेतली.