विश्लेषण : हेडफोनला वाद्याचे नाव कसे मिळाले? काय आहे स्कँडिनेव्हियातील ‘लूर’?

स्वीडनमधील दुकानात कुणी ‘होर्लूरार’ मागितले, तर त्याला हवे असतात हेडफोन. शब्दाचा पहिला भाग ऐकण्याशी संबंधित, तर दुसरा म्हणजे ‘लूर’ हे फुंकून वाजवायचे एक प्राचीन वाद्य. डॅनिश, नॉर्वेजियन आणि स्वीडिश या तिन्ही भाषांत त्याचे नाव हेच आहे. ‘लुरपाक’ हा लोण्याचा डॅनिश ब्रँडही याच नावावरून आला. गंमत म्हणजे, ज्या ब्राँझच्या वाद्यामुळे ‘लूर’ प्रसिद्ध झाले, त्याचे हे मूळ नाव नव्हेच!

दलदलीत काय सापडले?

१७९७ मध्ये कोपनहेगनच्या उत्तरेकडील ब्रुडेवेल्टे येथे एका शेतकऱ्याला दलदलीत सहा मोठी वाद्ये सापडली. ती सुमारे २,८०० वर्षांपूर्वीची होती. आतापर्यंत अशी जवळपास ६० वाद्ये मिळाली असून त्यातील निम्म्याहून अधिक डेन्मार्कमधील आहेत. मेणाचा साचा वापरून ओतलेली ही नळी दीड-दोन मीटर लांब, तरीही तिचा पत्रा अगदी पातळ. आपल्या तुतारीसारखे रुंद तोंड मात्र तिला नाही. टोकाला नक्षीदार सपाट चकती असते. बरेचदा ही वाद्ये जोडीने सापडतात. बैलाच्या शिंगांप्रमाणे एक डावीकडे वळलेले, दुसरे उजवीकडे. स्वीडनमधील तानुम येथील कातळचित्रांत ती वाजवणारी माणसेही दिसतात.

मग नाव कुठून आले?

ही वाद्ये घडवणाऱ्यांकडे लिपी नव्हती. त्यामुळे त्यांनी दिलेले नाव कायमचे हरवले. १९व्या शतकात अभ्यासकांनी जुन्या आइसलँडिक कथांतील ‘लूद्र’ या रणवाद्याचे नाव त्यांना दिले. या कथा लिहिल्या गेल्या त्या ब्राँझच्या वाद्यांनंतर तब्बल दोन हजार वर्षांनी! शिवाय ‘लूद्र’चा एक अर्थ कोरून पोकळ केलेले लाकूड. म्हणजे लाकडाचे नाव धातूला चिकटले.

लाकडी लूरची परंपरा मात्र खरोखरच दीर्घ आहे. १९०४ मध्ये नॉर्वेत उत्खनन झालेल्या ओसेबर्ग जहाजातही मीटरभर लांबीचे लाकडी लूर होते. पुढे नॉर्वे-स्वीडनच्या डोंगराळ कुरणांवर गुरे राखणाऱ्या स्त्रिया ते वाजवत. लाकूड उभे चिरायचे, आतून कोरायचे, पुन्हा जोडून वरून बर्च झाडाची साल गुंडाळायची. त्याच्या आवाजाने गुरे परतत आणि लांडगे-अस्वले दूर राहत.

टेलिफोन आल्यावर स्वीडिश लोकांनी रिसीव्हरलाही ‘लूर’ म्हटले. तिथून ते हेडफोनपर्यंत पोहोचले. डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांनी मात्र हेडफोनसाठी ‘टेलिफोन’पासूनच शब्द बनवले.

आणि एखादा स्वीडिश माणूस जेवणानंतर ‘लूर’ घेतो म्हणाला, तर तो वाद्य वाजवणार नाही, डुलकी काढणार आहे. तो ‘लूर’ वेगळा.