गाठीची वंशावळ

पूर्वी पोथ्या हाताने उतरवून घेत. लेखनिकाचा एखादा शब्द चुकला, की त्या पोथीवरून झालेल्या पुढच्या नकलांतही तीच चूक उतरायची. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करताना असे पाठभेद ताडून पाहून कोणती पोथी कोणत्या कुळातली, हे ठरवले गेले. कर्करोगाच्या गाठीतल्या पेशींची वंशावळ शास्त्रज्ञ साधारण याच पद्धतीने मांडतात.

पेशी विभागताना तिच्या डीएनएची नक्कल होते आणि त्यात अधूनमधून चुका राहतात. यांनाच आपण उत्परिवर्तने म्हणतो. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. पण एखादीमुळे पेशी जास्त वेगाने वाढते आणि तिचीच संतती गाठीत वरचढ ठरते. डार्विनने सांगितलेली नैसर्गिक निवड इथे एका माणसाच्या शरीरात चालू असते. अमेरिकेतल्या पीटर नॉवेल यांनी १९७६ साली हा विचार नेमकेपणाने मांडला.

ही वंशावळ शोधायची कशी? एकाच गाठीच्या वेगवेगळ्या भागांतून नमुने घेऊन त्यांचा डीएनए वाचायचा. जी उत्परिवर्तने सगळ्या नमुन्यांत सापडतात ती जुनी, म्हणजे झाडाचे खोड. जी काहींतच सापडतात त्या नंतर फुटलेल्या फांद्या. दुसऱ्या अवयवात पसरलेली गाठ तपासली, तर ती कोणत्या फांदीपासून निघाली हेही कळू शकते.

लंडनमध्ये चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाने २०१२ साली मूत्रपिंडाच्या गाठींचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. सापडलेल्या उत्परिवर्तनांपैकी जवळपास दोन तृतीयांश गाठीच्या प्रत्येक भागात नव्हतीच! थोडक्यात, एका सुईने काढलेला तुकडा सगळ्या गाठीची कथा सांगत नाही.

याच गटाने २०१४ साली फुप्फुसाच्या कर्करोगासाठी ‘ट्रेसरएक्स’ हा मोठा प्रकल्प सुरू केला. पहिल्या १०० रुग्णांचे निष्कर्ष २०१७ साली आले. ज्यांच्या गाठीत गुणसूत्रांची उलथापालथ भागागणिक जास्त वेगळी होती, त्यांच्यात आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका अधिक दिसला. गाठीतून रक्तात आलेल्या डीएनएवरून काही रुग्णांत आजार परतल्याची चाहूल स्कॅनच्या आधीच लागली.

उपचारांशी याचा थेट संबंध आहे. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत ‘ईजीएफआर’ या जनुकात बदल असतो. आशियाई रुग्णांत, विशेषतः कधीच धूम्रपान न केलेल्यांत, तो जास्त आढळतो. त्यावर जेफिटिनिबसारखी गोळी सुरुवातीला छान काम करते. पण औषधाला दाद न देणाऱ्या पेशी मागे उरतात आणि कालांतराने त्याच वाढतात. अशा सुमारे निम्म्या रुग्णांत ‘टी७९०एम’ हे नवे उत्परिवर्तन सापडते. त्याच्यावर चालणाऱ्या ओसिमर्टिनिबला अमेरिकेत २०१५ साली मंजुरी मिळाली.

तेव्हा, भारतातून फोनवर “एकदा तपासणी झाली ना, मग डॉक्टर परत बायोप्सी कशाला सांगताहेत?” असे कुणी विचारले, तर पहिली तपासणी चुकली असे समजण्याचे कारण नाही. मधल्या काळात गाठ बदललेली असू शकते, आणि पुढचे औषध आजच्या गाठीला लागू पडायला हवे.