आवाज फक्त तीन, तरी अख्खं गाणं! जुन्या कम्प्युटरच्या चिपवर संगीत कसं रचतात?

१९८२ साल. मुंबईतले सिनेसंगीताचे वादक चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीचे सिंथेसायझर आणि रिदम मशीन घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. त्याच वर्षी अमेरिकेत 'कमोडोर ६४' हा घरगुती कम्प्युटर आला. त्यात 'सिड' नावाची आवाजाची चिप होती. अशा चिपसाठी रचलेलं संगीत म्हणजे चिपट्यून. मग एखादा राग सिडवर बसवायचा झाला तर? समजून घेऊया.

चिपमध्ये काय असतं?

बॉब यानिस यांनी आखलेल्या या चिपमधून एका वेळी तीनच आवाज निघतात. आत रेकॉर्ड केलेलं काहीच नसतं. २९ रजिस्टर, म्हणजे छोटे कप्पे, आणि त्यांत भरायचे आकडे. सूर किती उंच, किती झटक्यात सुरू होणार, किती वेळात विरणार, हे सगळं आकड्यांवर ठरतं. पाल पद्धतीच्या मॉडेलवर ४४० हर्ट्झचा सूर हवा तर आकडा ७४९३. तोही दोन कप्प्यांत तोडून: एकात २९, दुसऱ्यात ६९.

तीन आवाजांत भागतं कसं?

पेटीवर सा-ग-प एकदम दाबता येतात. इथे तसं केलं तर तिन्ही आवाज तिथेच संपले. म्हणून एकाच आवाजात सा, ग, प आळीपाळीने वाजवतात, सेकंदाला ५० वेळा बदलत. कानाला ते एकत्र वाटतात. चिपट्यूनची ती ओळखीची थरथर इथूनच येते.

रागासाठी वाटणी सरळ आहे: एक आवाज तानपुऱ्याला, एक गायकीला, एक तबल्याला. तबल्याचा ठोका म्हणजे क्षणात विझवलेली खरखर. मींडही जमते, कारण सुरासाठी ६५,५३६ पायऱ्या आहेत. १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' योजनेतून भारतीय शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रोच्या चिपमध्ये त्या १,०२४ च होत्या. वरच्या पट्टीत तिची मींड तुटक ऐकू येते.

मग अडचण काय?

कमोडोर ६४चं उत्पादन १९९४ मध्ये थांबलं. उरलेल्या चिप उष्णतेने आणि स्थिर विजेने मरतात. शिवाय सुरुवातीच्या सिडचा फिल्टर नगागणिक थोडा वेगळा, त्यामुळे तेच गाणं दोन मशीनवर तंतोतंत सारखं वाजत नाही. गिरगावकरांना हे वेगळं सांगायला नको. खोताच्या वाडीत एकेकाळी ६५ च्या आसपास घरं होती, आज निम्मीही नाहीत. पाडलेलं घर नकाशावरून परत उभं राहत नाही.

गाण्याचं मात्र बरं आहे. ते आकड्यांत लिहिलेलं असतं, म्हणून मशीन गेलं तरी फाइल टिकते. चरणजित सिंग यांची रेकॉर्डही प्रती शिल्लक होत्या म्हणूनच २०१० मध्ये नव्याने निघाली आणि जगभर पोहोचली.

करून बघायचंय?

कमोडोर ६४ची नक्कल करणारा 'वाइस' आणि रचनेसाठीचा 'गोटट्रॅकर' हे दोन्ही प्रोग्राम मोफत आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात. सुरुवात एखाद्या पाठ असलेल्या आरतीच्या चालीने करा, तीही एकाच आवाजात. ती नीट वाजली की मगच दुसऱ्या आवाजाला हात लावा.