अभियांत्रिकी पदवीची आंतरराष्ट्रीय समतुल्यता : एक विवेचन

अभियांत्रिकी पदवीचे परदेशातील मूल्य केवळ गुणांवर ठरत नाही. अभ्यासक्रमाचे मानांकनही तितकेच निर्णायक असते. 1989 मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व आयर्लंड येथील मानांकन संस्थांनी वॉशिंग्टन करार केला. परस्परांचे मानांकित अभ्यासक्रम समतुल्य मानणे, हे त्याचे सूत्र होय. भारताच्या 'एनबीए' या मंडळास जून 2014 मध्ये कायम सदस्यत्व प्राप्त झाले. मात्र कराराचा लाभ प्रथम स्तरातील, म्हणजे स्वायत्त महाविद्यालये, विद्यापीठ विभाग इत्यादींच्या मानांकित अभ्यासक्रमांनाच मिळतो. संलग्नित महाविद्यालये द्वितीय स्तरात मोडत असल्याने मानांकन असूनही त्यांना करार लागू होत नाही.

शेलूबाजार परिसरातील विद्यार्थी अमरावतीच्या स्वायत्त शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकला काय किंवा एखाद्या संलग्नित महाविद्यालयात शिकला काय, पदवी संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचीच असते. तथापि करारातील स्थान भिन्न ठरू शकते. शिवाय करार शैक्षणिक समतुल्यता देतो. व्यवसायाचा परवाना त्या त्या देशाच्या नियमांनुसार स्वतंत्रपणे मिळवावा लागतो. म्हणूनच महाविद्यालयाचा स्तर व मानांकनाचा कालावधी यांची माहिती प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना प्रवेशापूर्वीच देणे अगत्याचे आहे.