हंगाम सरल्यावरची सांदवाडी

“हंगाम सरला, आतां बियाणें देऊन काय फळ?” ही शंका उदार दात्यांच्या मनांत येणें साहजिक आहे. तिचें निरसन करणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

चंद्रपूर व गडचिरोली (1982 पर्यंत हा एकच जिल्हा होता) येथील मुख्य पीक धान. पाऊस व तलाव दोन्ही हुकले कीं तें जातें, व पुन्हां लावतां येत नाहीं. 1899 सालीं मध्यप्रांतानें हेंच पाहिलें.

घरामागील सांदवाडीचा हिशेब निराळा. कार्तिकांत पेरलेली मेथी व पालक महिन्याभरांत ताटांत येतात. मुळ्यास सुमारें दीड महिना लागतो. वांग्याचें बीं मात्र या वेळीं देऊं नये. रोप होण्यासच महिना जातो, व झाड भरांत येतांच उन्हाळा गाठतो. तेथें तयार रोपेंच हवींत. पाणी थोडें, म्हणून वाफे लहान व विहिरीजवळ करावेत.

भाजीनें पोट भरत नाहीं, हें आम्ही जाणतों; धान्यवाटप चालूच राहिलें पाहिजे. परंतु कण्यांच्या पेजेस तिची जोड मिळते, व राखलेलें बीं पुढील वर्षीं उपयोगी पडतें.

तरी व्यापारीबंधूंनीं ताजें बियाणें, व जमीनदारांनीं रोपें व विहिरीचें पाणी द्यावें, ही नम्र विनंती. झाला तेवढा उशीर पुरे.