स्वमग्नता : नोकरीत सांगावे की नाही?

लागणीच्या नोंदी घेत फिरताना अलीकडे बांधावर एक निराळाच प्रश्न कानी येतो. पोराला डॉक्टरांनी स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, सांगितलीय. नोकरीत साहेबाला सांगावे की झाकून ठेवावे?

१९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती २१ प्रकारांत घेतली. प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर करावे, असे त्याचे कलम २१ सांगते. खासगी आस्थापनेच्या व्याख्येत सहकारी संस्था आणि कारखाना हे दोन्ही शब्द आहेत. म्हणजे आपणही आलोच.

पण कायदा कागदावर, कुजबुज कँटीनमध्ये! म्हणून नुसते निदानाचे नाव सांगून थांबू नये. काय केले की काम नीट होते, तेही सांगावे. गाळपाच्या आवाजाचा त्रास होतो, कान झाकायला द्या. तोंडी नको, चिठ्ठीवर काम लिहून द्या. पाळी बदलायची तर दोन दिवस आधी कळवा. यात कारखान्याचे काय जाते? न सांगितल्यास तोच पोरगा 'शिष्ट आहे, नजर देत नाही' म्हणून बदनाम होतो.

मात्र वडिलांनी परस्पर ऑफिसात येऊन सांगू नये. कुणाला, किती सांगायचे हे नोकरी करणाऱ्यानेच ठरवावे. दाखला हवा असल्यास जिल्हा शासकीय रुग्णालयात चौकशी करावी.